लेक प्रार्थनेला बसत नाही

पत्राचा गोषवारा असा. पत्र एका आईचं आहे, मुलगी पंधरा वर्षांची. चार महिन्यांपूर्वी मुलीच्या मैत्रिणीचा भाऊ अपघातात गेला. तेव्हापासून मुलगी घरातल्या रोजच्या प्रार्थनेला बसत नाही. बळेच बसवलं तर नुसते ओठ हलवते. "वर कुणी असतं तर असं झालं असतं का?" एवढंच एकदा म्हणाली. बोलणं कमी झालंय, चित्रं काढणं बंद आहे, रात्री दोनला तिच्या खोलीत दिवा दिसतो, सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत अंथरुणातच. आईला स्वतःला दोनदा नैराश्य येऊन गेलंय. अशात नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज आला: अमेरिकेतल्या लिसा मिलर नावाच्या संशोधकांनी सिद्ध केलंय की आईला नैराश्य असलं तरी श्रद्धाळू मुलांना ९० टक्के संरक्षण मिळतं. सासूबाई म्हणतात, रोज बसवा म्हणजे सगळं मार्गी लागेल. डॉक्टरकडे नेलंत तर पोरीवर शिक्का बसेल. नवरा देवधर्म मानत नाही, तो म्हणतो, सोड, वयच तसं आहे. आईचा प्रश्न: "माझ्या आजाराचा वारसा तिला गेलाच असेल, तर निदान हे कवच तरी तिला द्यायला नको का? सक्ती केली तर चुकेल का?" पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं, एक वाक्य आहे: "माझ्या गोळ्या मी सात महिन्यांपूर्वी थांबवल्या, सध्या माझ्याकडे बघायला वेळ नाही."

ताई,

आधी तो मेसेज बघू. तो खोटा नाही, पण अर्धा आहे. अर्धं खरं जास्त त्रास देतं, कारण ते खोडून काढता येत नाही.

मिलर या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये मानसशास्त्राच्या प्राध्यापक आहेत. ज्या अभ्यासाचा हा मेसेज आहे तो २०१२ साली प्रसिद्ध झाला, पण त्याचं मूळ बरंच जुनं आहे. मिर्ना वाइसमन यांनी १९८२ मध्ये नैराश्य असलेल्या आणि नसलेल्या आईवडिलांच्या मुलांचा माग घ्यायला सुरुवात केली आणि तीच कुटुंबं वर्षानुवर्षं धरून ठेवली. मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातल्या ११४ जणांची अभ्यासाच्या दहाव्या आणि विसाव्या वर्षीची माहिती ताडून पाहिली. दहाव्या वर्षी ज्यांनी "धर्म किंवा अध्यात्म माझ्यासाठी फार महत्त्वाचं आहे" असं सांगितलं होतं, त्यांना पुढच्या दहा वर्षांत नैराश्य येण्याची जोखीम इतरांच्या सुमारे एक चतुर्थांश होती. ज्यांच्या आईला किंवा वडिलांना नैराश्य होतं त्यांच्यात ती सुमारे एक दशांश होती. तुमच्या ग्रुपवरचे ९० टक्के आले ते इथून.

आता मेसेजमध्ये गळलेला भाग. हे ११४ जण अभ्यासाच्या दहाव्या वर्षी पंधरा वर्षांचे नव्हते, मोठी माणसं होती. फायदा मुख्यतः दिसला तो आजार उलटण्याच्या बाबतीत. पहिल्यांदा येण्याच्या बाबतीत तितका नाही. आणि तुमच्या प्रश्नाला थेट भिडणारी गोष्ट अशी, की प्रार्थनास्थळी कोण किती नियमित जातं आणि कोण कुठल्या पंथाचं, याचा या निकालाशी लक्षणीय संबंध सापडला नाही. दोन वर्षांनी याच गटानं १०३ जणांच्या मेंदूची चित्रं तपासली, तेव्हाही तसंच. श्रद्धेला मनापासून महत्त्व देणाऱ्यांच्या मेंदूच्या काही भागांत बाहेरचा थर जाड आढळला, पण हजेरीशी त्या जाडीचा संबंध लागला नाही.

म्हणजे मोजलं गेलं ते त्या माणसाचं स्वतःचं उत्तर. त्याला बसवलं होतं की नाही, हे कुणी मोजलंच नाही. तुम्ही ज्याला कवच म्हणता ते ज्याचं त्याच्या आतून आलेलं होतं. तुम्ही तिला रोज संध्याकाळी आसनावर बसवाल, तेव्हा तुमच्या हाती लागेल ती हजेरी. नेमकी तीच गोष्ट, जिचा त्या अभ्यासात उपयोग दिसला नाही.

हे मी जरा तावातावानं लिहितेय, त्याला कारण आहे. माझे वडील प्रार्थनेची हजेरी घ्यायचे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आम्हा भावंडांच्या नावानं पेन्सिलीच्या खुणा असायच्या आणि महिनाअखेर त्या मोजल्या जायच्या. मी तेराव्या वर्षी ओठ हलवायला शिकले, तुमच्या लेकीसारखीच. त्या दोन वर्षांत मी काय म्हणायचे ते विचाराल तर बेरकेपणानं पाढे म्हणायचे. खूण पडायची. पण त्याच घरातली दुसरी एक गोष्ट मात्र माझ्यासोबत आजवर आली. सगळे उठून गेल्यावर वडील पाच-सात मिनिटं तसेच बसून राहायचे, डोळे उघडे, हात मांडीवर. एकदा विचारलं, काय करता हो? म्हणाले, "काही नाही, आज कुणाला टाकून बोललो का ते आठवतो." त्याची खूण कॅलेंडरवर नव्हती. ते मला कुणी शिकवलं नाही आणि मी अजून करते.

उत्साहावर विरजण घालणाऱ्या आणखी दोन गोष्टी सांगते, मग सोडून देते. जोआना मासेल्को आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्येच एक उलटा प्रश्न विचारला: धार्मिक कार्यक्रमांना जाण्यानं नैराश्य कमी होतं, की नैराश्य आलेली माणसं जाणं सोडतात? त्यांना दिसलं की ज्या बायकांना लहान वयात नैराश्य येऊन गेलं होतं, त्या मोठेपणी जाणं थांबवण्याची शक्यता जास्त होती. दुसरी गोष्ट. इंग्लंडमधल्या ७,४०३ लोकांच्या पाहणीवर मायकेल किंग यांचा २०१३ चा लेख आहे. त्यात धर्माच्या चौकटीबाहेर राहून स्वतःला आध्यात्मिक म्हणवणाऱ्यांत मानसिक त्रासाचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त निघालं. आता घ्या! 'अध्यात्म' हा शब्दच एवढा ऐसपैस आहे की त्यात बळ देणारंही मावतं आणि भरकटलेपणही. ही गोळी अमुक मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, असं ते नसतं.

यातला मासेल्को यांचा मुद्दा मला तुमच्या घरासाठी महत्त्वाचा वाटतो. तुम्ही गृहीत धरलंय की लेक प्रार्थनेतून उठली म्हणून ती खचत चाललीय. क्रम उलटा असू शकतो. ती आधी खचली असेल, आणि चित्रं सुटली तशीच प्रार्थनाही सुटली असेल. आजारी मनाला आधी ज्यात गोडी होती त्यातली गोडी लागेनाशी होते. तुम्हाला हे मी सांगायला नको, तुम्ही दोनदा त्यातून गेलायत. तेव्हा तुम्हाला कुणी "जरा मन लावून प्रार्थना कर" म्हटलं होतं का? काय वाटलं होतं?

तिसरी शक्यताही आहे. तिचा एक खरोखरचा प्रश्न असेल आणि त्याला उत्तर न मिळाल्यानं ती गप्प झाली असेल. "वर कुणी असतं तर असं झालं असतं का?" या वाक्यावर तुमच्या घरात तीन माणसांनी तीन गोष्टी केल्या. सासूबाईंनी तिला पापाची भीती घातली, असं तुम्ही लिहिता. नवऱ्यानं "बघ, पोरीला कळलं" म्हणून विषय संपवला. तुम्ही रडलात. उत्तर कुणीच दिलं नाही, आणि त्या मुलाबद्दल तर कुणी विचारलंच नाही. तो तिच्या ओळखीचा होता का, त्याच्याशी ती बोलायची का, तिच्या मैत्रिणीचं आता काय चाललंय, हे तुमच्या सहा पानी पत्रात कुठेही नाही. मला ते वाचायला फार आवडलं असतं.

हा प्रश्न विचारण्याचं वय हेच आहे. एडविन स्टारबक नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १८९९ मध्ये धर्माच्या मानसशास्त्रावर पुस्तक लिहिलं. लोकांना प्रश्नावल्या पाठवून त्यानं माहिती जमवली होती. श्रद्धा पक्की होण्याचे प्रसंग कुमारवयात दाटीवाटीनं येतात हे त्याला दिसलं, आणि शंकेचं वादळही त्याच वयात उठतं हेही. शतक उलटलं, पण कुमारवयीन मुलामुलींशी बोलताना मला अजून तेच दिसतं. मृत्यू, न्याय-अन्याय, मी कशासाठी आहे, हे प्रश्न पडणं म्हणजेच अध्यात्माची सुरुवात, असं कुणी म्हणालं तर मी हुज्जत घालणार नाही. तुमची लेक आसनावर बसत नाही, पण घरात या घडीला सगळ्यात गंभीरपणे देवाचा विचार बहुधा तीच करतेय.

सक्तीतला धोका आता सांगते. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांनी आयुष्यभर एकाच गोष्टीचा पिच्छा पुरवला: संकटात माणसं श्रद्धेचा वापर कशी करतात. "तो माझ्यासोबत आहे" ही एक रीत, "त्यानं मला शिक्षा केली, मला टाकलं" ही दुसरी. दुसऱ्या रीतीनं अडकलेल्या माणसांची मनाची अवस्था वाईट असते, असं अनेक अभ्यासांत आढळलं. आजारी वृद्धांवरच्या त्यांच्या २००१ च्या अभ्यासात तर असा झगडा चालू असलेल्यांत दोन वर्षांत मृत्यूचं प्रमाणही जास्त होतं. तुमची मुलगी वृद्ध नाही, हे आकडे तिला लागू करू नका. पण आधीच उदास असलेल्या पोरीला "तुझी श्रद्धा कमी पडते म्हणून तुला असं होतंय" हे ऐकवलं, तर आपण तिला पहिल्या रीतीकडून दुसरीकडे ढकलतो, इतकं ध्यानात ठेवा. सासूबाईंना हे सांगताना वाद घालू नका. त्यांची तळमळ खरी आहे. "तुम्ही तिच्यासाठी प्रार्थना करा, तिला करायला लावू नका" एवढं म्हणून पाहा. बहुतेक आज्या हे ऐकतात, कारण त्यात त्यांचं काम काढून घेतलेलं नसतं.

आता तुमच्या यजमानांबद्दल. "वयच तसं आहे" हे वाक्य मला प्रार्थनेच्या सक्तीइतकंच घातक वाटतं. थोडं खरं त्यातही आहे: या वयात शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, मुलांना रात्री उशिरा झोप येते, त्यामुळे सुट्टीला दुपारपर्यंत झोपणं एवढ्यावरून काही ठरवू नये. पण चित्रं सोडणं वयात बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं १० ते १९ वर्षांच्या दर सात मुलांत एकाला मानसिक आजार असतो. रोनाल्ड केसलर यांच्या २००५ च्या अमेरिकी पाहणीत आयुष्यात कधीही मानसिक आजार होणाऱ्यांपैकी निम्म्यांची सुरुवात चौदाव्या वर्षापर्यंत झालेली होती. ज्या वयाचं नाव सांगून आपण दुर्लक्ष करतो, आजार त्याच वयात दार वाजवतो.

तर सगळ्यात आधी डॉक्टर. मानसोपचारतज्ज्ञ, शक्यतो मुलांसोबत काम करणारे. उदासी किंवा चिडचिड, कशातच रस नसणं, झोप-भूक बिघडणं, अभ्यासावर परिणाम हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर दाखवायला हवं, आणि तुमच्याकडे चार महिने झालेत. कुमारवयात नैराश्य पुष्कळदा रडण्याऐवजी चिडण्यातून दिसतं, त्यामुळे ती खेकसत असेल तर तेही सांगा. तुमचा स्वतःचा आजार लपवू नका. डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. उपचारांची भीती असेल तर ऐका. अमेरिकेत १२ ते १७ वर्षांच्या ४३९ नैराश्यग्रस्त मुलामुलींवर झालेल्या टॅड्स या अभ्यासात (२००४) बारा आठवड्यांनी फ्लुऑक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध आणि विचार-वर्तन पद्धतीचं समुपदेशन दोन्ही मिळालेल्या ७१ टक्के मुलांत सुधारणा होती. नुसती खोटी गोळी मिळालेल्यांत सुमारे ३५. गोळ्या लागतीलच असं नाही, ते डॉक्टर ठरवतील. लागल्या तर पहिल्या काही आठवड्यांत तिच्यावर बारीक लक्ष ठेवायचं असतं, आत्महत्येचे विचार वाढतायत का ते पाहण्यासाठी. काय बघायचं ते त्यांच्याकडून नीट समजून घ्या.

प्रार्थनेची गोष्ट डॉक्टरांना सांगायची का, असं तुम्ही कंसात विचारलंय. जरूर सांगा. जागतिक मानसोपचार संघटनेनं २०१६ मध्ये भूमिका जाहीर केली आहे, की रुग्णाच्या श्रद्धेची विचारपूस हळुवारपणे करणं हा नेहमीच्या तपासणीचा भाग असावा, आणि डॉक्टरांनी आपल्या पदाचा उपयोग करून श्रद्धेचा किंवा अश्रद्धेचा प्रचार करू नये. डॉक्टर हसले किंवा उपदेश करू लागले, तर दुसरे पाहा.

तपासणीची वेळ मिळेपर्यंत तिच्याशी बोला. समोर बसवून नको, चौकशी समितीसारखं होतं ते. शेजारी बसून, हातात काहीतरी काम असताना, कपड्यांच्या घड्या घालताना म्हणा. घडी घालताना डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही आणि मध्येच गप्प राहिलं तरी अवघडत नाही. त्या मुलाबद्दल विचारा. आणि तिला सरळ विचारा, मरून जावं असं कधी मनात येतं का. असं विचारल्यानं विचार डोक्यात घुसतो ही भीती सगळ्या आयांना असते. दोन हजारांहून जास्त शाळकरी मुलांवर मॅडेलिन गूल्ड यांनी २००५ मध्ये हे तपासलं आणि विचारल्यानं असे विचार वाढल्याचं दिसलं नाही. ती "हो" म्हणाली तर घाबरून तिला रागावू नका. तिला एकटं सोडू नका, घरातली औषधं, धारदार वस्तू हाताबाहेर ठेवा आणि त्याच दिवशी मदत घ्या. तारीख मिळायची वाट बघायची नाही.

देवाबद्दलच्या तिच्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? मला विचाराल तर "मलाही माहीत नाही, मलाही राग आला होता" हे चालेल, खरं असेल तर. तुम्ही स्वतः अंधारात असताना प्रार्थनेनं तुम्हाला तगवलं, असं पत्रात लिहिलंय. ते तिला कधी सांगितलंय का? उपदेश म्हणून नव्हे, हकिकत म्हणून. त्यात प्रार्थना उपयोगी पडली नाही तो दिवसही सांगा. मिलर यांचाच १९९७ चा एक अभ्यास आहे. त्यात आईची श्रद्धा आणि आई-मुलाची श्रद्धा जुळणं या दोन्हींचा संबंध मुलांतलं नैराश्य कमी असण्याशी दिसला. जुळण्याचा अर्थ "मुलानं आईसारखं व्हावं" असा लावू नका. जुळायला दोघांनी थोडं सरकावं लागतं.

रोजच्या प्रार्थनेचं काय, तर तिला मोकळं करा. दार बंद करू नका, "यावंसं वाटलं तर ये" म्हणा आणि त्यावर टोमणा मारू नका. तिला हवं तर त्या वेळेत गच्चीवर बसू दे, वहीत लिहू दे, मैत्रिणीला फोन करू दे. त्या मैत्रिणीच्या घरी ती एखादी दुपार नुसती बसून आली, तरी मी त्याला प्रार्थनाच म्हणेन. मात्र आता ध्यानाचा क्लास लावू नका. ब्रिटनमधल्या शाळांत आठ हजारांहून जास्त मुलांना सजगतेचे धडे देऊन पाहिले गेले. २०२२ मध्ये निकाल आला तो असा, की नेहमीच्या शिकवण्यापेक्षा त्याचा जास्त फायदा झाला नाही. बरीचशी मुलं घरी सराव करतच नव्हती. मला ती सगळी ओठ हलवणारी मुलं डोळ्यांसमोर येतात.

या सदराच्या ज्या वाचकांकडे उलटी गाठ पडलीय त्यांच्यासाठी दोन ओळी. काही घरांत मूल एकाएकी फार धार्मिक होतं आणि सगळे कौतुक करतात. ते टिकतं, फुलतंही, काळजीचं काही नसतं. पण मूल तासन्‌तास तोच विधी पुन्हा पुन्हा करत असेल, चुकला म्हणून घाबरत असेल, झोप सोडून देत असेल, आवाज ऐकू येतात किंवा आपल्यावर खास कामगिरी सोपवलीय असं म्हणत असेल, तर त्याला भक्ती म्हणून थांबू नका. ते तपासून घ्यायला हवं, आणि लवकर.

ताई, आता तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य. सात महिने गोळ्या बंद, कुणाला विचारून नाही. तुम्ही लेकीसाठी कवच शोधताय, तर वाइसमन यांचाच आणखी एक अभ्यास ऐका, २००६ चा. नैराश्यावर उपचार घेणाऱ्या आया आणि त्यांची ७ ते १७ वर्षांची मुलं, अशा १५१ जोड्या. मुलांवर या अभ्यासानं काहीच उपचार केले नाहीत, फक्त आयांवर केले. तीन महिन्यांनी ज्या आया बऱ्या झाल्या त्यांच्या मुलांमधलं आजारांचं प्रमाण ११ टक्क्यांनी घटलं होतं. ज्या बऱ्या झाल्या नाहीत त्यांच्या मुलांत ते ८ टक्क्यांनी वाढलं होतं. हे वाचून "म्हणजे माझ्यामुळेच" असं म्हणत बसू नका, तो तुमच्या आजाराचा आवाज आहे. यात तुमच्या हातात काय आहे तेवढं बघा.

लेकीची वेळ घ्याल तेव्हा फोनवर दोन नावं सांगा. आणि तिला सांगा की आपण दोघी जातोय, मलाही दाखवायचंय. शिक्का बसायचाच असेल तर दोघींवर बसू दे.